‘योग्य स्थळ’ आणि घरच्यांचं मत

माननीय व्याहीबुवांना आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना आमच्या घरचा सप्रेम नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालतो. उजवा गुडघा आता जिना चढू देतो की अजून पहिल्याच पायरीवर अडून बसतो, ते कळवावं. डाव्याबद्दल मागच्या पत्रात आपण अवाक्षर काढलं नव्हतं, त्यावरून तो निमूटपणे काम करत असावा, असा अर्थ मी काढला. (चांगल्या नोकराबद्दल कुणी पत्रात लिहीत नाही.) माझी पत्रं आली की विहीणबाईंचा रक्तदाब वाढतो, असं आपण लिहिता. आमच्या हिचं म्हणणं असं, की तो पत्रांनी वाढत नाही, आपण ती मोठ्यानं वाचून दाखवता त्यानं वाढतो. तेव्हा हे पत्र मनात वाचावं. लांब आहे.

आपलं पत्र पोचलं. पत्र कसलं, हुकूमच तो. जन्मभर आस्थापना विभागात बसून नेमणुकीचे आदेश काढलेल्या हाताला चार ओळींच्या पुढे जायची सवय नसावी. ‘चिरंजीवांचा छंद पुरे झाला. मोठ्या साहेबांशी बोललो आहे. जुनी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवतील. समजावून पाठवून द्यावे.’ यातला बाकी मजकूर मी गिळला, पण ‘छंद’ हा शब्द घशात अडकला. छंद म्हणजे तिकिटं जमवणं. आपले चिरंजीव आणि आमची लेक मिळून लोकांना नोकऱ्या लावून देणारं संकेतस्थळ चालवतात, आणि आज आमच्या शहरात इस्त्रीवाल्यापासून इस्पितळापर्यंत कुणालाही माणूस हवा असला, तर तो आधी आमच्याकडे बघतो. हे सांगताना माझी छाती किती फुगते ते हिला विचारा, शर्टाची बटणं तीच लावते. आपल्याला यातलं काही कळलेलं नाही, यात आपला तरी काय दोष? चिरंजीवांनी कायमची नोकरी सोडली त्या दिवसापासून आपण त्यांच्याशी बोलत नाही, ते आपल्याशी बोलत नाहीत, आणि मधल्यामध्ये विहीणबाई फोनवर जेवलास का एवढंच विचारून फोन ठेवतात. शेवटी हे काम माझ्यासारख्या मास्तराकडे आलं. मी पहिल्यापासून सांगतो, कारण धडा मधूनच सुरू करायची मला सवय नाही.

कचेरी आमच्याच घरात आहे. मागच्या अंगाची माझी शिकवणीची खोली आपण पाहिलेली आहे. तिथला फळा, खडूची पेटी आणि सहावी-सातवीच्या मुलांसाठी केलेले बाक सगळं जसंच्या तसं आहे. त्या बाकांवर आपले उंचेपुरे चिरंजीव बसले की त्यांची हनुवटी टेबलाला आणि गुडघे हनुवटीला टेकतात, पण आजवर त्यांनी तक्रार केलेली नाही. संगणकाचं काम लेकीकडे, मालक लोकांना गाठून त्यांच्याकडून जागा मिळवायचं काम जावयांकडे, आणि नामकरण माझ्याकडे. (ते मला कुणी दिलं नव्हतं. मी घेतलं.) त्या दोघांनी एक नाव आधीच काढून ठेवलं होतं, परक्या भाषेतलं, शिंक आल्यासारखं. मी म्हटलं, भाषेचा मास्तर घरात जिवंत असताना हे व्हायचं नाही. वेबसाइटला आपल्याकडे संकेतस्थळ असा देखणा शब्द आहे. त्यातला संकेत लांबतो, तो गाळला की सुटसुटीत ‘स्थळ’ उरतं. योग्य माणसाला योग्य जागा, म्हणून ‘योग्य स्थळ’. लेक म्हणाली, बाबा, स्थळ म्हटलं की लोकांना भलतंच वाटेल. मी शब्दकोश उघडून दाखवला. जागा, ठिकाण, प्रदेश हे अर्थ आधी आहेत, लग्नाचा अर्थ पार खाली आहे, आणि इतक्या खालच्या अर्थापर्यंत कोण जातं? जावई म्हणाले, बाबांचं बरोबर आहे. (या वाक्यात जावयांना सोय जास्त दिसत असते आणि खात्री कमी, हे आपण दोघंही एकेकाळी जावई असल्यामुळे जाणतोच.) मग त्याच जोरावर मी घोषवाक्यही करून टाकलं: ‘नाव नोंदवा, आम्ही जमवून देतो.’ अर्जावर ‘उमेदवार’ हा शब्द होता, तो निवडणुकीला उभा राहिल्यासारखा वाटला म्हणून काढून तिथे घरगुती ‘मुलगा / मुलगी’ घातलं. आता आपल्या लक्षात येत असेल. माझ्या तेव्हा येत नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही स्थळ सुरू केलं आणि फोनवर मला बसवलं, कारण माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो. पहिलाच फोन एका बाईंचा. त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? मी म्हटलं, काही करत नाही, म्हणून तर त्यानं आमच्याकडे नाव नोंदवलंय. बाईंनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, घरची परिस्थिती कशी आहे? मी म्हटलं, घरचे नुसते डोळ्यांत प्राण आणून बसलेत, कुणीतरी त्याला घेऊन जा म्हणतात. बाईंनी फोन ठेवला. मला वाटलं, मालकीणबाई फार चोखंदळ दिसतात. पण इकडे नावं अशी धो धो येत होती की मला बाईंची चुटपुट लावून घ्यायलाही सवड नव्हती. लेक आकडा वाचायची, मी तो फळ्यावर पुसून नवा लिहायचो, ही दारात उभी राहून खडूची भुकटी उडते म्हणून बोलायची, आणि नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदाच आपले चिरंजीव मोकळेपणानं हसताना मी पाहिले. त्यांचं हसणं हुबेहूब आपल्यासारखं आहे, आवाज न करता, खांदे हलवून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायोडाटे वाचायला घेतले आणि खांदे हलायचे थांबले. लोकांनी न विचारता उंची लिहिली होती. ‘अनुभव’ या रकान्यात बहुतेकांनी ‘पहिलाच’ असं लाजत लिहिलं होतं, एका गृहस्थांनी मात्र ‘एकदा, सहा महिन्यांत मोडलं, दोष समोरच्यांचा’. ‘आधीचं ठिकाण सोडण्याचं कारण’ यापुढे एकीनं एकच शब्द लिहिला होता: ‘सासू’. ‘अपेक्षा’ या रकान्यात पगार लिहायचा तर तिथे सुस्वभावी, शक्यतो एकुलता एक, वरचा मजला असल्यास उत्तम, असं काय काय. लेकीनं बाकावर डोकं टेकलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. माझं मत विचाराल तर यात माझ्यापेक्षा भाषेचा दोष अधिक आहे. बायोडाटा, अनुभव, अपेक्षा, पसंती, होकार, नकार, बघू आणि कळवू, सगळं दोन्हीकडे सारखंच. आपली भाषा काटकसरी गृहिणीसारखी आहे. नोकरी आणि लग्न या दोन पंगती तिनं एकाच भांड्यात उरकल्या आहेत. (हे मी लेकीला समजावून सांगायला गेलो. तिनं मला खडू आणायला बाजारात पाठवलं.)

उलट बाजूही तशीच फसली. जावयांनी उन्हातान्हात फिरून काही मालक लोक मिळवले होते. त्यातल्या बेकरीवाल्यानं जाहिरात दिली होती: ‘सोशिक व मेहनती हवी. अंधारात उठावं लागेल. राहण्याची सोय. वर्षभर बघू, पटलं तर कायम ठेवू.’ कामाला कुणी आलं नाही, पण एका मुलीचे मामा दुकानात आले आणि ‘वर्षभर बघू’ म्हणजे काय, हे त्यांनी बेकरीवाल्याला गल्ल्यामागून बाहेर बोलावून विचारलं. लाँड्रीवाल्याची जाहिरात त्याहून थोर: ‘टिकाऊ माणूस पाहिजे. आधीचे पळून गेले. मुलगा किंवा मुलगी, कोणीही चालेल.’ लोकांना पळून गेल्याचं एवढं वाटलं नाही, ‘कोणीही चालेल’ फार लागलं. आठवड्याभरात मालक लोकांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि वधूवरांनी नावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जावई फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, उद्या नाव बदलू, नाहीतर बंद करू. आवाज न चढवता म्हणाले. मला त्यांनी एक शब्द ऐकवला नाही, आणि व्याहीबुवा, खरं सांगतो, ऐकवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तो उद्या उजाडायच्या आत एक बाई आल्या. लाँड्रीवाल्याची जाहिरात कागदावर उतरवून आणलेली, पाठीमागे खाली मान घातलेली मुलगी, आणि तोंडाचा पट्टा जिन्यापासूनच सुरू. लोकांच्या मुली म्हणजे तुम्हाला काय वाटल्या, इथपासून त्यांनी जी सुरुवात केली ती मी वर्गात कधी एवढी सलग करू शकलो नाही. त्यांनी श्वास घेतला तेवढ्यात लेकीनं मुलीला हळूच विचारलं, तू काय शिकलीस गं? मुलगी यंत्रदुरुस्ती शिकलेली निघाली. धुण्याची मोठी यंत्रं, बाष्पक (तिच्या भाषेत बॉयलर), मोटारी, सगळं. शिकून दोन वर्षं घरात बसून होती. ठिकठिकाणी अर्ज केले, कुठूनही साधं उत्तर नाही, तेव्हा आईनं विचार केला की नोकरी जमत नाही तर निदान लग्न जमवावं, म्हणून आमच्याकडे नाव नोंदवलं. हे ऐकून आपले चिरंजीव बाकावरून असे उठले की बाकही बरोबर उठला. लाँड्रीवाल्याचे नोकर का पळाले हे त्यांनी तिथे बसून पाहिलेलं होतं: यंत्र दर दोन दिवसांनी बंद पडायचं आणि सगळे कपडे हातानं धुवावे लागायचे. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. लाँड्रीवाला म्हणाला, बायोडाटा पाठवा. मुलगी तर तोंडातून शब्द काढेना, मग आईनं सांगितलं आणि मी एका बोटानं टंकलं. जसं सांगितलं तसं, एक अक्षर न बदलता: ‘हाताला गुण आहे. बोलत नाही, पण ऐकते. सकाळी लवकर उठत नाही, उगाच खोटं का सांगा. एकदा काम धरलं की जेवायला हाक मारली तरी येत नाही. रागावलात तर अबोला धरील, काम मात्र सोडणार नाही.’

लाँड्रीवाल्याचा उलट फोन आला. म्हणाला, इतकी वर्षं धंदा करतोय, जो तो लिहितो कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ, आणि आठवड्यानं पळून जातो. पहिल्यांदा खरा बायोडाटा वाचला. उशिरा उठते तर उशिरा येऊ दे. मुलगी गेली, यंत्र सुरू झालं, आणि आजही ती तिथेच आहे, आता हाताखाली माणसं आहेत तिच्या. आणि आईनं सगळ्या वस्तीत सांगितलं, की माझ्या मुलीला असं स्थळ मिळालं जे पगार देतं आणि संध्याकाळी घरी पाठवतं. त्यानंतर आमच्याकडे आयांची रांग लागली. कुणाचा मुलगा, कुणाची सून, एका बाईंनी तर नवऱ्याचं नाव आणलं. नाव बदलायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही, कारण आता ते नाव आयांच्या तोंडी बसलं होतं. (यावरून नाव मुळात बरोबरच होतं हे सिद्ध होतं, असं मी मांडलं. त्यावर मतदान झालं नाही.)

मग लेकीनं अर्जात एक नवा रकाना घातला: ‘घरच्यांचं मत’. मी ‘कुटुंबीयांचा अभिप्राय’ सुचवलं होतं, ते फेटाळलं गेलं. हा रकाना भरल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, हा नियम. त्याच्या पुढची पायरी जावयांची. ते म्हणाले, नोकराच्या घरच्यांना विचारतो तर मालकाच्या घरच्यांनाही विचारलं पाहिजे, एकतर्फी चौकशी म्हणजे लबाडी. लोक हसले. पण बेकरीवाल्याच्या बायकोनं लिहून दिलं: ‘तापट आहेत. पीठ सांडलं की ओरडतात. पगाराला उशीर करत नाहीत आणि ओरडून झालं की स्वतःच्या हातानं चहा देतात.’ आठवड्याच्या आत त्याला दोन माणसं मिळाली, कारण नुसत्या ओरडण्याला कुणी भीत नाही, नंतर काय होईल ते ठाऊक नसतं त्याला भितात. दोन्हीकडची मतं खरी की बनावट, याची खात्री करायचं खातं माझ्याकडे आहे. मत देणाऱ्याला सोडून त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन करायचा आणि मत वाचून दाखवायचं. समोरून हसू आलं की मत खरं.

आता शेजारच्या दोन शहरांत आमचं नाव झालं आहे. इस्पितळ परिचारिका आमच्याकडून घेतं, बांधकामवाले गवंडी घेतात, माझ्या जुन्या शाळेनं भाषेचा नवा मास्तर आमच्याकडूनच घेतला. (त्याचं शुद्धलेखन मी तपासलेलं नाही. झोप उडवून कशाला घ्या.) खोली पुरत नाही म्हणून ओसरीवरही टेबलं मांडली आहेत आणि ही माझ्यावर नव्हे तर त्या टेबलांवर रागावते. पण व्याहीबुवा, मला खरा अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्याला नोकरी मिळत नाही त्याला आपले चिरंजीव स्वतः फोन करून सांगतात, आणि का मिळाली नाही तेही सांगतात. त्या मुलीला दोन वर्षं कुणी उत्तर दिलं नव्हतं, ते त्यांच्या मनाला लागून राहिलं आहे. आणि अर्ज ते खालून वर वाचतात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, वडील असेच वाचायचे. म्हणायचे, माणूस पहिल्या ओळीत वाकतो आणि शेवटच्या ओळीत खरं बोलतो. ज्याला आपण छंद म्हणता त्याचा अर्धा भाग आपल्याच टेबलावरून आलेला आहे. मुलगा बापाच्या वळणावर गेला आणि बापाला वळण दिसेना, असं झालंय हे.

तेव्हा जागा राखू नये. मोठ्या साहेबांना नमस्कार सांगावा आणि माणसाची खरंच गरज असेल तर नाव नोंदवायला सांगावं. विहीणबाईंना आमच्या दोघांचा नमस्कार. गुडघ्यांना तेल.

आपला अभिमानी व्याही,
सेवानिवृत्त मास्तर व सध्या ‘योग्य स्थळ’चे खात्री-प्रमुख
(हे पद मी स्वतः निर्माण केलेलं आहे.)

ता. क. : हे लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. मोठ्या साहेबांनी खरंच नाव नोंदवलं आहे. चिरंजीवांची म्हणून जी जागा ते महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार होते, तिची जाहिरात आपलं पत्र यायच्या आधीच आमच्याकडे आली आहे, खाली ‘तातडीने’ असं लिहून. साहेबांच्या व्यापात शब्द राहून गेला असेल. आपण मनाला लावून घेऊ नये. चिरंजीवांनी ती वाचली आणि मला म्हणाले, वडिलांना कळवू नका, त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी कळवतो आहे.

आणखी एक ता. क. : खरं काम वर राहूनच गेलं. आम्हाला आता आमच्याच कचेरीत चार माणसं घ्यायची आहेत. जाहिरात लावली, तर आया विचारायला लागल्या, तुमच्या मालकाच्या घरच्यांचं मत कुठे आहे? नियम तो नियम. लेकीनं लिहून दिलं, आया म्हणाल्या, बायको भागीदार आहे, ते धरता येत नाही. मग मी पानभर लिहिलं, उपमा-अलंकारांसह. जावयांनी ते नीट वाचलं, आभार मानले, आणि म्हणाले, हे वडिलांनी लिहायचं असतं. (मी एक दिवस रुसून होतो. दुसऱ्या दिवशी पटलं.) तेव्हापासून तो रकाना रिकामा आहे. जावई सकाळी आल्यावर आधी तो उघडून बघतात, मग कामाला लागतात. मला ते बघवत नाही. आपण दोन ओळी लिहाव्यात. छंद आहे असं वाटत असेल तर तसंच लिहावं, पण लिहावं.

शेवटचा ता. क. : हे पाकिटात घालत होतो तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला आणि त्यांनी स्वतःचं मत सांगून टाकलं. मी उतरवून घेतलं ते असं: ‘हट्टी आहे. लहानपणी वडील कामावरून आल्याशिवाय जेवायला बसायचा नाही, कितीही उशीर होवो. अजूनही वाट बघतो.’ हे मत अर्थात अजून रकान्यात टाकलेलं नाही. नियमाप्रमाणे त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन करून खात्री करावी लागते, आणि त्या घरात दुसरं माणूस एकच आहे. रविवारी सकाळी फोन येईल. हे एवढं काम मी माझ्या खात्यातून काढून चिरंजीवांकडे दिलं आहे. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, फक्त वडील उचलतील का, एवढंच विचारलं. मी हो म्हणून बसलो आहे.